चालून येणारें अरण्य : एका उत्कंठाप्रधान कादंबरीचा अभ्यास

गेल्या वर्षीं वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थ्यांसमवेत शनिवारच्या वाचनाच्या तासाला आम्ही एक इंग्रजी कादंबरी वाचावयास घेतली होती. निम्मेंअधिक पुस्तक अजून शिल्लक होतें. इतक्यांत एका चुणचुणीत विद्यार्थ्यानें तें मिटून तक्रार केली, "सर, खलपुरुष कोण व त्याचा बेत काय, तें लेखिकेनें आतांच सांगून टाकलें. मग पुढचें वाचावयाचें कशाला?" प्रश्न रास्त होता. त्याचें उत्तर त्या दिवशीं आम्हांला नीट देतां आलें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. घंटा झाली व मुलें निघून गेलीं. प्रस्तुत लेख म्हणजे त्या राहून गेलेल्या उत्तराचा प्रयत्न होय.

कादंबरीचें नांव 'बर्नम वूड'. लेखिका एलिनॉर कॅटन. ह्यांचा जन्म १९८५ सालीं कॅनडांत झाला, परंतु त्या वाढल्या न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च शहरीं. त्यांची 'द ल्युमिनरीज' ही आठशेंहून अधिक पानांची कादंबरी २०१३ सालीं बुकर पारितोषिकास पात्र ठरली. तेव्हां त्यांचें वय अवघें २८ वर्षांचें होतें. इतक्या लहान वयांत तो मान त्यापूर्वीं कोणासही मिळालेला नव्हता. प्रस्तुत कादंबरी त्यानंतर दहा वर्षांनीं, २०२३ सालीं प्रसिद्ध झाली. मधल्या काळांत जेन ऑस्टिनच्या 'एमा' ह्या कथेची त्यांनीं चित्रपटासाठीं पटकथा लिहिली. हें सांगण्याचें कारण असें कीं, पात्रांच्या गैरसमजांतून कथानक कसें गुंफावें हें ऑस्टिनबाईंपासून शिकण्याजोगें आहे, आणि 'बर्नम वूड'मध्यें त्या विद्येचा उपयोग पदोपदीं दिसतो. फरक इतकाच कीं, तेथें गैरसमजाचा शेवट लग्नांत होतो, येथें रक्तपातांत.

नांवाचा उलगडा प्रथम करूं. शेक्सपिअरचें 'मॅकबेथ' नाटक आमच्या मराठी रसिकांस परकें नाहीं. शिवराम महादेव परांजपे ह्यांनीं 'मानाजीराव' ह्या नांवानें १८९८ सालीं व वि. वा. शिरवाडकरांनीं 'राजमुकुट' ह्या नांवानें १९५४ सालीं तें मराठी वेषांत आणलें. त्यांत स्कॉटलंडचा सेनापति मॅकबेथ राजाचा खून करून सिंहासन बळकावतो. पुढें त्याला भविष्य ऐकावयास मिळतें कीं, बर्नमचें अरण्य चालून डन्सिनेनच्या टेकडीवर येईपर्यंत तुझा पराभव व्हावयाचा नाहीं. झाडें कधीं चालतात काय? मॅकबेथ निर्धास्त होतो. आणि मग शत्रूचे सैनिक त्याच रानांतील फांद्या तोडून, त्या अंगापुढें धरून, चाल करून येतात. हिरवाईच्या आड लपून बलाढ्यावर चढाई करणें, ही कल्पना एका तरुण मंडळास आवडली व त्यांनीं आपल्या गटाचें नांव 'बर्नम वूड' ठेवलें. कादंबरीचें नांव तेंच.

हें मंडळ काय करीत होतें? शहरांतील पडीक तुकडे हेरावयाचे. रस्त्याच्या कडा, कोणाचें ओसाड परसूं, जेथें कोणाचें लक्ष नाहीं तेथें वाफे करून भाजीपाला लावावयाचा. कोठें मालकाची परवानगी घेऊन, कोठें न घेतां. ह्या प्रकारास इंग्रजींत जें नांव आहे त्याचा अर्थ 'गनिमी काव्याची बागाईत' असा होईल. आणि गनिमी कावा म्हणजे काय, हें निदान आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको. ही केवळ लेखिकेची कल्पना नव्हे. १९७३ सालीं न्यूयॉर्क शहरांत लिझ ख्रिस्टी नामक बाईंनीं आपल्या मित्रमैत्रिणींसह अशाच उकिरडा झालेल्या जागेंत बाग फुलविली होती व त्यांच्या गटाचें नांवही 'हिरवे गनीम' ह्याच अर्थाचें होतें.

कथा घडते २०१७ सालीं, न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर. कोरोवाई नांवाच्या राष्ट्रीय उद्यानानजीकच्या घाटांत दरड कोसळते, पांच माणसें दगावतात, रस्ता बंद पडतो व थॉर्नडाइक हें गांव जगापासून जवळजवळ तुटतें. हीं दोन्हीं स्थळें काल्पनिक आहेत; परंतु ज्या देशांत २०११ च्या भूकंपानें क्राइस्टचर्च येथें १८५ बळी घेतले, व २०१६ च्या कैकूरा येथील भूकंपानें समुद्रकांठचा राजमार्ग वर्षाहून अधिक काळ बंद ठेवला, तेथील वाचकांस त्यांत अद्भुत कांहींच वाटलें नसेल. गटाची संस्थापिका मीरा बंटिंग ही बातमी वाचते. गांव ओस पडलें म्हणजे तेथें मोकळी जमीन आली, असें तिचें गणित. विक्रीस निघालेल्या जमिनींची चौकशी ती एका बहिऱ्या, निवृत्त वृद्धेचें खोटें नांव धारण करून करीत असते. चांगल्या कामासाठीं चाललेलें हें लहानसें असत्य आरंभींच ध्यानांत ठेवावें. पुढें तें फार महाग पडतें.

गांवालगतची एक मोठी शेतवाडी ओवेन डार्विश व त्याची पत्नी जिल ह्यांची आहे. मूळची ती जिलच्या माहेरची. डार्विशचा धंदा उपद्रवी प्राण्यांचा नायनाट करण्याचा. आमच्याकडील वाचकांस हा धंदा विनोदी वाटेल, पण त्या देशांत तो प्रतिष्ठेचा आहे. तेथील पक्षी मांसभक्षक सस्तन प्राण्यांवांचून वाढले; कित्येकांना तर उडतांही येत नाहीं. माणसानें जहाजांतून आणलेले उंदीर, पोसम व स्टोट ह्यांनीं त्यांचा संहार मांडला. हे प्राणी २०५० पर्यंत देशांतून नाहींसे करावे, असें ध्येय तेथील सरकारनें २०१६ सालीं जाहीर केलें आहे. डार्विशला नुकताच 'सर' हा किताब मिळाला आहे व तो नवाकोरा कोट घातल्याप्रमाणें त्याला अंगावर बाळगीत असतो. न्यूझीलंडनें हे किताब २००० सालीं बंद केले होते. २००९ सालीं ते पुन्हां सुरू झाले. आमच्याकडील रावसाहेब-रावबहादुरांच्या गोष्टी ज्यांनीं आजोबांकडून ऐकल्या असतील, त्यांना ह्या सर ओवेनची ओळख पटण्यास वेळ लागणार नाहीं.

आतां अब्जाधीशाकडे वळूं. रॉबर्ट लमॉइन हा अमेरिकन गृहस्थ ड्रोन, म्हणजे माणसावांचून उडणारीं यंत्रें, बनविणाऱ्या कंपनीचा मालक. डार्विशची शेतवाडी तो गुपचूप विकत घेत आहे. कशासाठीं? जगबुडी आलीच तर लपण्यासाठीं जमिनीखालीं एक भक्कम तळघर बांधावें म्हणून, असें तो सांगतो. धनिकांची ही हौस वृत्तपत्रें वाचणाऱ्यांस ठाऊक आहे. पीटर थील ह्या अमेरिकन धनाढ्यास २०११ सालीं न्यूझीलंडचें नागरिकत्व मिळालें होतें, आणि तत्पूर्वीं त्यांचा त्या देशांतील मुक्काम केवळ १२ दिवसांचा होता, ही गोष्ट २०१७ सालीं उघड झाली तेव्हां तेथें मोठी चर्चा झाली. तेव्हां लमॉइनचें तळघर कोणासही खरें वाटावें असेंच आहे.

परंतु तें खरें नाहीं. त्याचा डोळा शेतीवर नसून शेजारच्या राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांवर आहे. तेथें तो चोरून दुर्मिळ मृदाधातु काढीत आहे. ह्या गटांत १७ मूलद्रव्यें येतात. त्यांपैकीं निओडिमियम व त्याच्या भावंडांपासून अतिशय बलवान लोहचुंबक बनतात, आणि ते भ्रमणध्वनींत, ड्रोनमध्यें, विजेच्या मोटारींत, मोठाल्या पवनचक्क्यांत लागतात. म्हणजे गंमत पहा : जग स्वच्छ व्हावें म्हणून आपण ज्या पवनचक्कीची वाट पाहतों, तिच्याही पोटांत हेच धातु आहेत. ते काढण्याची एक रीत अशी कीं, डोंगराच्या पोटांत रासायनिक द्रव सोडून धातु धुवून काढावयाचे. ह्या रीतीनें डोंगर आंतून भिजतो व खचतो. दक्षिण चीनमध्यें टेकड्या ढासळण्याचे प्रकार तिच्यामुळें घडले आहेत. कादंबरीच्या आरंभींच्या दरडीशीं ह्याचा संबंध काय, तें वाचकानें स्वतःच ताडावें.

लमॉइनच्या लबाडीची रचना बारकाईनें पाहण्याजोगी आहे. साधा लबाड आपलें गुपित लपवितो. हा मनुष्य एक लहान गुपित मुद्दाम सांपडूं देतो, म्हणजे शोधणाऱ्याचें समाधान होऊन तो तेथेंच थांबतो. 'श्रीमंत माणूस भित्रा आहे, तळघर बांधतो आहे' एवढें हातीं लागलें कीं, आपण सर्व कांहीं ओळखलें असें प्रत्येकास वाटतें. शिवाय ड्रोनच्या साहाय्यानें दुर्मिळ पक्ष्यांवर देखरेख ठेवण्याच्या कामीं डार्विशची कंपनी व ह्याची कंपनी एकत्र आलेल्या आहेत. तेव्हां त्या रानावर यंत्रें घिरट्या घालतांना दिसलीं तरी लोक कौतुकच करतील!

येथें आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे परत येतों. हें सर्व लेखिका वाचकास पुस्तक संपण्याच्या कितीतरी आधीं सांगते. सांगत नाहीं ती पात्रांना. रहस्यकथा व उत्कंठाकथा ह्यांतील भेद नेमका हाच. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा मागील पिढीनें चवीनें वाचल्या, त्या 'गुन्हा कोणी केला?' ह्या प्रश्नासाठीं. उत्तर मिळालें कीं ती ओढ संपली. ह्याच्या उलट, कीर्तनकार जेव्हां लाक्षागृहाचें आख्यान लावतो, तेव्हां वारणावतांतील घर लाखेचें आहे, पुरोचन काडी लावण्याची संधि पाहत आहे, हें तो श्रोत्यांपासून लपवितो काय? मुळींच नाहीं. उलट, आधींच सांगतो. म्हणूनच कुंती त्या घरांत निजावयास जाते तेव्हां श्रोत्यांच्या पोटांत गोळा उठतो. खुद्द 'मॅकबेथ'मध्येंही खुनी कोण, हें प्रेक्षकांस पहिल्यापासून ठाऊक असतें. ज्ञान वाचकाजवळ व अज्ञान पात्राजवळ, ह्या अंतरांतून उत्कंठा जन्मते. कॅटनबाई हें अंतर फार कुशलतेनें राखतात. कथा एका पात्राच्या मनांतून दुसऱ्याच्या मनांत शिरत राहते; त्यामुळें मीराला जें ठाऊक तें शेलीला नाहीं, शेलीला जें ठाऊक तें मीराला नाहीं, आणि वाचक बिचारा सर्व जाणून असहाय्य बसलेला!

ह्या शेलीविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. शेली नोक्स ही मीराची सोबतीण. गटाचा हिशेब, निरोप, नोंदी हें सर्व कंटाळवाणें काम तीच करते. कीर्ति मीराची, कष्ट शेलीचे. कथेच्या आरंभीं ती गट सोडून जाण्याचें मनांत आणते, पण तोंडानें बोलत नाहीं. मीराही कांहीं विचारीत नाहीं. कोणत्याही शाळेंतील स्नेहसंमेलनाच्या कमिटीवर ज्यानें काम केलें असेल, त्याला हें दुखणें अनोळखी वाटणार नाहीं.

शेतवाडी पाहण्यास मीरा एकटीच जाते. तेथें तिची लमॉइनशीं गांठ पडते. तो तिच्यावर रागावत नाहीं, पोलिसांत देत नाहीं. उलट तिच्या कामाची तारीफ करतो व पैसे देऊं करतो. आधीं १० हजार डॉलर, पुढें काम पाहून १ लाखापर्यंत. जमीनही वापरावयास मोकळी. मीरा हा प्रस्ताव गटाच्या सभेपुढें ठेवते. सभेला ते माओरी भाषेंतील 'हुई' हा शब्द वापरतात.

ही सभा हाच आमच्या मतें कादंबरीचा गाभा. टोनी गॅलो नांवाचा जुना सभासद कांहीं वर्षें परदेशीं राहून नुकताच परत आलेला आहे. त्याला पत्रकार व्हावयाचें आहे. अशा माणसाचा पैसा घेणें म्हणजे आपल्या कार्याचा गळा घोटणें, असें तो ठांसून सांगतो. आतां गंमत, किंवा दुःख म्हणा, अशी कीं त्याचें म्हणणें खरें आहे, पण सांगण्याची तऱ्हा असह्य आहे. त्या आधींच त्यानें सभेंत एकीशीं वाद घालून बहुतेकांचीं मनें दुखविलेलीं असतात. तो प्रत्येकाला शिकवितो, स्वतःच्या वाक्यांवर स्वतःच खूष होतो. सभेंतील मंडळी त्याच्या युक्तिवादाला मत देत नाहींत. त्याच्या अहंकाराविरुद्ध मत देतात. तो तणतणत निघून जातो व प्रस्ताव संमत होतो. विरोधक निघून गेल्यावर उरलेल्यांस जो हलकेपणा वाटतो, त्याचें वर्णन वाचतांना आम्हांला आमच्याही कित्येक सभा आठवल्या. योग्य गोष्ट अयोग्य तोंडून निघाली म्हणजे तिचा पराभव किती सहज होतो!

दुसऱ्या पक्षाचेंही ऐकूं. तीं मुलें हावरीं नाहींत. वर्षानुवर्षें फाटक्या हातमोज्यांनीं त्यांनीं माती उपसली आहे. पैसा कोठूनही येवो, भाजी तर पिकेल, भुकेल्याच्या पानांत तर पडेल, हा त्यांचा युक्तिवाद एका वाक्यांत मोडून काढण्यासारखा नाहीं. दानावर चालणाऱ्या प्रत्येक संस्थेला, मग ती रुग्णालय असो कीं शाळा, हा प्रश्न केव्हां ना केव्हां पडतोच. लेखिकेनें त्याला सोपें उत्तर दिलेलें नाहीं, हें आम्हांला आवडलें. तिनें एवढेंच दाखविलें आहे कीं पैसा हातीं आल्यावर गटांतील माणसें थोडीं थोडीं बदलूं लागतात. जी शेली सोडून जाणार होती, तिला आतां राहावेंसें वाटूं लागतें. जी मीरा दुसऱ्यांच्या कुंपणावरून उड्या मारीत होती, तिला आतां कुंपणाच्या आंत परवानगीनें वावरण्याची गोडी लागते. लमॉइनला धमकी देण्याचें कारणच पडत नाहीं. त्यांच्या भ्रमणध्वनींतील निरोप तो चोरून वाचतो. कोणाला कोणाविषयीं काय वाटतें तें त्याला त्यांच्याहून अधिक कळतें. मग ज्याच्या त्याच्या दुखऱ्या जागीं तो हळूच बोट ठेवतो.

पुढें एका रात्रीं शेतवाडीवर एक अपघाती मृत्यु घडतो. कोणाचा, तें आम्ही सांगत नाहीं. ध्यानांत घेण्याची गोष्ट ही कीं, त्या अपघातांत लमॉइनचा हात नाहीं. त्या क्षणापर्यंत गटाला पैसे परत करून निघून जातां आलें असतें. पोलिसांना दूरध्वनि केला असता तरी कांहीं निभावलें असतें. पण लमॉइन पुढें होतो व म्हणतो, मी हें निस्तरतों. आणि तीं सर्वजणें त्याला निस्तरूं देतात. तिकडे टोनी एकटाच रानांत शिरून खाणीचा माग काढीत असतो. त्याला सत्य सांपडतें. पण तें सांगावयाचें कोणाला, पाठीवर ड्रोन व पहारेकरी असतांना? शिवाय सत्याबरोबरच आपलें नांव जगभर गाजेल ही आशाही त्याला सोडीत नाहीं. मॅकबेथ कोण, असें आम्हीं वर्गांत विचारलें तेव्हां सर्वांनीं एकमुखानें 'लमॉइन' असें उत्तर दिलें. शंभर पानांनंतर तोच प्रश्न विचारला, तेव्हां मुलें घुटमळलीं. महत्त्वाकांक्षेचें बीं त्या पुस्तकांत एकाच वाफ्यांत पडलेलें नाहीं.

दोषही सांगितले पाहिजेत. लमॉइन जरा अति सर्वज्ञ झाला आहे. त्याची युक्ति चुकतच नाहीं, त्यामुळें कधीं कधीं तो माणूस न वाटतां लेखिकेच्या हातांतील सोंगटी वाटतो. पहिल्या भागांतील राजकीय वाद लांबले आहेत. इकडील वाचकानें कांहीं पानें चाळून पुढें गेलें तरी आम्ही रागावणार नाहीं. उलट शेवट इतक्या वेगानें येतो कीं श्वास घेण्यास उसंत मिळत नाहीं, व कित्येक पात्रांचा निरोपही घेतां येत नाहीं. तो शेवट भयानक आहे. पालकवर्गास हेंही कळविणें आमचें कर्तव्य आहे कीं पुस्तकांत शिवराळ भाषा आहे व तरुण मंडळी नशा करितात असा प्रसंगही आहे. तेव्हां तें दहावीच्या खालील मुलांच्या हातीं देऊं नये. आणि वरच्या मुलांनीं वाचलें तर घरांत कोणी तरी तें बरोबर वाचावें, म्हणजे बोलतां येईल. आम्हीं वाचनाच्या तासाला असे भाग गाळूनच वाचले.

शेवटच्या शनिवारीं पुस्तक संपलें तेव्हां घंटा होऊन गेली होती, पण कोणी उठलें नाहीं. ज्या विद्यार्थ्यानें मागें तक्रार केली होती, तो खिडकीशीं बसला होता. 'पुढचें वाचावयाचें कशाला' हें तो विसरून गेला असावा, कारण त्यानें दुसराच प्रश्न विचारला : "सर, पहिल्याच दिवशीं शेलीनें मीराला 'मला जावयाचें आहे' असें सरळ सांगितलें असतें, तर ह्यांतलें काय काय घडलें नसतें?" आम्हीं तोच प्रश्न सुटींतील निबंधासाठीं सर्वांना घालून दिला. मुलांत दोन पक्ष पडले आहेत. एक म्हणतो, शेली गेली असती तरी मीरा पैसे घेतेच. दुसरा म्हणतो, हिशेब ठेवणारी गेल्यावर तिला पैसे घेण्याची छातीच झाली नसती. निबंध यावयाचे आहेत.